केसपेपरवर पाळीची तारीख लिहा

पोट दुखतंय म्हणून सरकारी दवाखान्यात गेलेल्या बाईला पहिल्या दोन-तीन प्रश्नांतच विचारतात, "पाळी कधी आली होती?" एक्स-रे काढण्याआधीही विचारतात. पण डोकं बिघडलंय म्हणून कुणी बाईला दंडाला धरून आणली, की हा प्रश्न नेमका गळतो. मग प्रश्न सुरू होतात ते सोबत आलेल्या माणसाला. झोपते का, मारते का, भांडी फेकते का, घराण्यात आधी कुणाला होतं का. बाई बाकावर बसून पदराचं टोक पिळत असते.

माझं म्हणणं असं, की पाळी येण्याच्या वयातल्या कुठल्याही बाईच्या कागदावर बायपोलर (कधी उन्माद, कधी उदासी), डिप्रेशन किंवा तसलंच काही कायमचं लिहिण्याआधी तिच्या दोन महिन्यांच्या तारखा डॉक्टरसमोर असायला हव्यात. जिवावरचा प्रसंग असेल तर औषध तिथल्या तिथे द्यावं, त्यात वादच नाही. वाद आहे तो निदानाच्या शिक्क्याबद्दल.

पाळीच्या आधी थोडी चिडचिड, अंग जड होणं, स्तन दुखणं हे बहुतेकींना होतं, त्यासाठी कुणी डॉक्टरकडे जात नाही. पण काही जणींच्या बाबतीत पाळीआधीचा आठवडा-दीड आठवडा म्हणजे वेगळाच जन्म असतो. राग आवरत नाही, कारण नसताना रडू फुटतं, सगळे आपल्याविरुद्ध आहेत असं वाटतं, जगू नये असं वाटतं. पाळी सुरू झाली की दोन-तीन दिवसांत हे ओसरतं आणि पुढचा आठवडा बाई ठणठणीत असते. याला प्रीमेन्स्ट्रुअल डिस्फोरिक डिसऑर्डर, थोडक्यात पीएमडीडी म्हणतात. पाळी येणाऱ्या शंभर बायकांत तीन ते आठ जणींना तो असतो असं पुस्तकांत सापडतं. रोजच्या नोंदींवरून काटेकोर पडताळलं तर आकडा आणखी खाली येतो. तरी हजार वस्तीच्या गावात पाळीच्या वयातल्या अडीचशे बायका धरल्या तर दोन-चार जणी निघतातच. म्हणजे प्रत्येक गावात.

कोकणात हे जास्त जाचतं, कारण इथे बिघडलेल्या बाईला दोन दारं आहेत. एक घाड्याचं, म्हणजे देवदेवस्की करणाऱ्या गावच्या मांत्रिकाचं, दुसरं मानसोपचाराच्या डॉक्टरचं. आणि या आजाराची गंमत अशी, गंमत म्हणायची तर, की दोन्हीकडे गुण येतो.

कसा ते पाहा. बाई बिघडते तेव्हा पहिले दोन दिवस घरचे सोसतात. तिसऱ्या दिवशी शेजारी बोलू लागतात. मग कुणाला तरी फोन, गाडीची जुळवाजुळव, घाड्याचा वार किंवा डॉक्टरचा वार. नारळ फुटतो, कोंबडा जातो, अंगारा लागतो आणि दोन दिवसांत बाई शांत. पाळी आलेली असते, पण गुण घाड्याच्या खात्यावर जमा. गोळ्यांचंही तेच. चिठ्ठी लिहिली, गोळी सुरू केली, चार दिवसांत फरक. डॉक्टर खूश, घरचे खूश. तीन आठवड्यांनी पुन्हा तेच सुरू झालं की घाडी म्हणतो, भारी पडलंय, मोठा मान द्यावा लागेल. डॉक्टर म्हणतो, डोस वाढवू. दोघांचाही अंदाज चुकण्याचं कारण एकच, आणि ते ज्या कागदावर लिहिलेलं असतं तो कागद दोघांपैकी कुणीच मागितलेला नसतो.

बचत गटांच्या कामामुळे माझं सिंधुदुर्गातल्या कुडाळच्या बाजूच्या वाड्यांमध्ये जाणं-येणं असतं. तिथल्या एका घरची सून काजूच्या कारखान्यात गर सोलायला जाते. वाफवून फोडलेल्या बीचा गर सुकवून आणतात, मग बायका सुरीच्या टोकाने त्याची तांबूस साल काढतात. हात हलका लागतो. जोर दिला की गराचे दोन तुकडे, आणि तुकड्याला भाव कमी. पैसे वजनावर मिळतात, रोजचं वजन वहीत टिपतात. ही सून एरवी कारखान्यातल्या चांगल्या हातांपैकी एक. एकदा कर्जाच्या हप्त्याचं गणित घालायला तिची वही मी पाहिली, तर दर महिन्यात पाच-सहा दिवसांचा खड्डा. वजन निम्म्यावर, आणि त्यातही तुकडाच जास्त. पुढे दोन दिवस खाडा. मग पुन्हा पहिल्यासारखं. असं पानामागून पान.

तिची दवाखान्याची फाइल मेडिकलच्या पिशवीत होती. एका कागदावर नैराश्य, दुसऱ्यावर चिंतेचा आजार, तिसऱ्यावर, घाट चढून गेल्यावर मिळालेल्या, बायपोलर. कागदांवर वजन होतं, रक्तदाब होता, घराण्याचा इतिहास होता. पाळीची तारीख एकाही कागदावर नव्हती. सासू म्हणाली, "पंदरा दिस गाय, आठ दिस वाघीण. भायलाच कायतरी आसतला गो बाय, दुसरा काय?" सून आत भांडी विसळत होती, तिथूनच बोलली, "माका कळता सगळा, पण थांबवूक येणा नाय. पाळी इली काय दुसऱ्या दिसाक मी परत बरी." म्हणजे निदान त्या घरात होतं. सासूने दिवस मोजलेले होते, सुनेने कारण जोडलेलं होतं, आणि आकडे कारखान्याच्या वहीत होते. फाइलमध्ये तेवढं पोचलेलं नव्हतं.

नवरा विरारला. तो येतो गणपतीत आणि शिमग्याला. एका गणपतीत बायको हसती-खेळती, पुढच्या गणपतीत पहिल्या आरतीलाच तांब्या भिरकावलेला. त्याचा निष्कर्ष ठरलेला: "मी इलंय काय हिची नाटकां सुरू." वर्षातून दोनदा घरी येणाऱ्या माणसाला महिन्याचा फेरा दिसणार तरी कसा? चाकरमान्यांच्या मुलखात रोज बघणारं माणूस सासू असते आणि डॉक्टरशी बोलणारं माणूस नवरा असतो. माहिती एकाकडे, शब्द दुसऱ्याचा.

आता डॉक्टरची बाजू. बायपोलरमध्येही मन वर-खाली होतं आणि मधल्या काळात माणूस बरा असतो. वर्षात चार किंवा जास्त झटके आले तर त्याला जलद फेऱ्यांचा प्रकार म्हणतात. पाळीशी बांधलेला त्रास वर्षातून बारा-तेरा वेळा येतो, तेव्हा घाईच्या ओपीडीत ही गल्लत होणं सोपं आहे. फरक मात्र स्पष्ट आहे. बायपोलरमधली उदासी निदान दोन आठवडे टिकावी लागते, उन्माद आठवडाभर, सौम्य उन्माद चार दिवस. आणि त्यांच्या येण्या-जाण्याला पाळीचं बंधन नसतं. पीएमडीडीत उन्माद नसतोच, आणि पाळीनंतरचा आठवडा जवळजवळ कोरा असतो. तो कोरा आठवडा हीच खूण. पण ती आठवणीतून सापडत नाही. 'महिनाभर कसं वाटलं?' असं विचारलं की माणूस आजचंच सांगतो. म्हणून अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या निदानाच्या पुस्तकात, २०१३च्या डीएसएम-५मध्ये, पीएमडीडी नैराश्याच्या प्रकरणात घेताना अट घातली गेली, की अकरा लक्षणांपैकी पाच तरी हवीत, त्यांत राग, रडू, उदासी किंवा घालमेल यांपैकी एक हवंच, आणि निदान पक्कं करायला किमान दोन पाळ्यांची रोजच्या रोज लिहिलेली नोंद हवी. ही अट माझ्या पदरची नाही. ती पुस्तकात आहे, फक्त पाळली जात नाही.

इथे एक गैरसमज काढायला हवा, कारण तो सुशिक्षित घरांत फार आहे. 'हार्मोनची तपासणी केली, सगळं नॉर्मल आलं, म्हणजे डोक्याचंच आहे.' हार्मोन नॉर्मलच येणार. १९९८ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेतल्या पीटर श्मिट, डेव्हिड रुबिनो आणि सहकाऱ्यांनी एक सुंदर प्रयोग प्रसिद्ध केला. पाळीआधी तीव्र त्रास होणाऱ्या बायकांच्या अंडाशयाचं काम त्यांनी औषधाने तात्पुरतं बंद केलं. बऱ्याच जणींचा त्रास थांबला. मग त्यांना इस्ट्रोजेन किंवा प्रोजेस्टेरॉन बाहेरून परत दिलं, तेही नेहमीच्याच पातळीवर, आणि त्रास परतला. ज्यांना मुळात त्रास नव्हता त्यांच्यावर हेच केलं, तर त्यांच्या मनाला काही झालं नाही. म्हणजे हार्मोन तेच, मेंदूचा प्रतिसाद वेगळा. २०१७ साली त्याच संस्थेने पेशींच्या पातळीवर जनुकांच्या वागण्यातला फरकही दाखवला. प्रोजेस्टेरॉनपासून शरीरात अ‍ॅलोप्रेग्नॅनोलोन नावाचं द्रव्य बनतं, ते एरवी मेंदूला शांत करतं. या बायकांच्या मेंदूत त्याला उलटसुलट प्रतिसाद मिळतो असं आता मानतात. तेव्हा नाटकं, करणी, वळण नसणं, सासरी मन न रमणं, हे सगळं बाजूला ठेवता येईल.

मग हा मनाचा आजार की शरीराचा? जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीची अकरावी आवृत्ती जानेवारी २०२२पासून लागू झाली. तिने पीएमडीडी मुळात स्त्रीरोगांत ठेवला आणि नैराश्याच्या विकारांतही त्याची नोंद ठेवली. मला हे पटतं. मानसोपचाराच्या डॉक्टरकडे जाण्यात कमीपणा काही नाही, आणि 'आमच्या बाईचं पाळीचं आहे, डोक्याचं नाही' असं म्हणून हायसं वाटून घेण्यात डोक्याच्या आजारांचा उगाच अपमान आहे. भांडण मानसोपचाराशी नाही, चुकीच्या नावाशी आहे. नाव चुकलं की औषध चुकतं.

आणि ते कसं चुकतं ते बघा. बायपोलर लिहिलं की अनेकदा व्हॅल्प्रोएट सुरू होतं. चांगलं औषध आहे, फिट्सवरही देतात. पण गरोदरपणात ते पोटात गेलं तर शंभरातल्या सुमारे दहा बाळांत जन्मजात व्यंग आढळतं आणि तीस ते चाळीस मुलांची बोलण्या-शिकण्याची वाढ मागे पडते. पंचविशीतल्या, लग्न झालेल्या, गर्भनिरोधनाचा शब्दही कुणी न काढलेल्या मुलीला हे औषध चुकीच्या निदानावर चालू असेल, तर जबाबदारी कुणाची? दुसरं रिस्पेरिडोनसारखं औषध. त्याने प्रोलॅक्टिन हे हार्मोन वाढतं आणि पाळी पुढे-मागे होते, कधी बंदच होते. आता तारखांवरून काही ताडायचं म्हटलं तर तारखाच उरलेल्या नाहीत. चुकीच्या उपचाराने पुरावा पुसून टाकण्याचं इतकं चोख उदाहरण मला दुसरं सुचत नाही.

उलट बरोबर ओळखलं तर उपाय साधे आहेत. फ्लुओक्सेटिनच्या जातीची औषधं नैराश्यात गुण द्यायला दोन-चार आठवडे घेतात. पीएमडीडीत ती काही दिवसांत काम करतात, आणि बऱ्याच जणींना पाळीआधीचे चौदा दिवसच घेऊन भागतं. काहींना ड्रॉस्पिरेनोन असलेली गर्भनिरोधक गोळी लागू पडते. थायरॉइड आणि हिमोग्लोबिन तपासायलाच हवं, आपल्याकडे पंडुरोग इतका की थकव्याचा निम्मा हिशेब तिथेच लागतो. मात्र हे वाचून कुणी चालू गोळ्या आपल्या मनाने बंद करू नयेत. खरा बायपोलर असेल आणि नुसतं नैराश्याचं औषध दिलं तर उन्माद उसळू शकतो. शिवाय मुळात नैराश्य असून ते फक्त पाळीआधी वाढणं, असाही प्रकार बराच दिसतो. तेही तारखाच सांगतात, कारण अशा बाईचा मधला आठवडा कोरा नसतो.

कागदावरच्या नावाचा दुसरा फटका घरात बसतो. १९५५च्या हिंदू विवाह कायद्यात घटस्फोटाच्या कारणांत जोडीदाराचा मानसिक विकार आहे, सततचा किंवा अधूनमधून येणारा. कायदा पुढे असंही म्हणतो, की तो विकार इतका हवा की एकत्र राहण्याची अपेक्षाच करता येऊ नये. पण हे पुढचं वाक्य गावच्या बैठकीत कुणी वाचत नाही. तिथे फाइल दाखवली की काम झालं. "हिला रत्नागिरीला न्यायला हवं" एवढं वाक्य सुनेला गप्प करायला पुरतं. रत्नागिरीचं मनोरुग्णालय आपलं काम करत असतं, पण त्याच्या नावाची धमकी सबंध जिल्ह्यात फिरते. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने मात्र दोन गोष्टी स्पष्ट लिहिल्या आहेत: मानसिक आजार आहे की नाही हे जागतिक आरोग्य संघटनेच्या अद्ययावत यादीसारख्या मान्य निकषांवरच ठरवायचं, आणि आधी कधी उपचार झाले एवढ्यावरून आज आजार आहे असं ठरवायचं नाही. वकिलांनी हे बायकांना सांगावं. फी घेऊन सांगितलं तरी चालेल.

यावर सर्वांत गंभीर आक्षेप बायकांच्या चळवळीतूनच आला आहे, आणि तो जुना आहे. १९८७ साली अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांनी हा प्रकार वेगळ्या नावाने आपल्या त्याच पुस्तकाच्या परिशिष्टात घातला तेव्हाच ओरड झाली होती, की आता दर महिन्याला अर्ध्या जगाला वेडं ठरवण्याची सोय झाली. पुढे २०००मध्ये एका औषध कंपनीने आपलं जुनंच फ्लुओक्सेटिन नवा रंग आणि नवं नाव देऊन पाळीआधीच्या त्रासासाठी बाजारात आणलं, तेव्हा संशय आणखी वाढला. संशय रास्तच होता. आपल्याकडेही भीती खरी आहे: उद्या सून दारुड्या नवऱ्यावर ओरडली तर "हिची तारीख जवळ आली वाटतं" म्हणून हसण्यावारी नेतील.

म्हणून मी नोंद बाईच्या हातात मागते. नवऱ्याच्या नाही, सासूच्या नाही. ती नोंद दोन्ही बाजूंनी बोलते. नवरा पितो, हप्ते थकलेत, सासू टाकून बोलते, यामुळे जीव विटला असेल तर ते महिनाभर पसरलेलं दिसेल, पाळीनंतरचा आठवडाही कोरा निघणार नाही, आणि मग गोळी नको, नवऱ्याला समज हवी. आणि वाईट आठवड्यात बाई जे बोलते ते खोटं असतं असंही नाही. पुष्कळदा एरवी गिळलेलं खरंच तेव्हा बाहेर पडतं. औषधाने तिची धार कमी व्हावी, तक्रार रद्द होऊ नये.

साधन घरात आहेच. मालवणात जन्मलेल्या जयंतराव साळगावकरांनी १९७३ साली सुरू केलेलं कालनिर्णय कोकणातल्या बहुतेक घरांत भिंतीवर असतं. त्यात दुधाचे खाडे लिहितात, सिलिंडर लावल्याची तारीख लिहितात, एकादशीला खूण करतात. त्याच चौकोनात रात्री झोपताना एक ते सहापैकी एक आकडा लिहायचा. एक म्हणजे काही नाही, सहा म्हणजे असह्य. पाळी आली त्या दिवशी फुली. भिंतीवर सगळे बघतात असं वाटलं तर शाळकरी वही घ्यावी. दोन पाळ्या झाल्या की शिकलेली असो नसो, कुणालाही चित्र दिसतं. पूर्वी बाई बाहेरची झाली की चार दिवस बाजूला बसे, म्हणजे तारीख घरादाराला पाठ असे. ती प्रथा गेली ते बरंच झालं, पण तेव्हाही त्या तारखेशेजारी तिचं मन कुणी ठेवून पाहिलं नाही.

आणखी एक गोष्ट कोकणातल्या बायकांनाच सांगावी लागते. भाद्रपद जवळ आला की गावोगावच्या मेडिकलमध्ये पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या खपतात. गणपती दारात, सोवळं, नैवेद्य, पाच दिवसांची माणसं, आणि अडचण नको. ही गोळी नॉरेथिस्टेरॉनची, म्हणजे प्रोजेस्टेरॉनच्याच कुळातली. ज्यांचा मेंदू या कुळाला उलटा प्रतिसाद देतो त्यांच्यातल्या काहींचं मन त्या गोळीने ढासळू शकतं. घरात पाहुणे, रात्रभर भजन, झोप नाही, वर ही गोळी, आणि नेमका तेव्हाच नवरा आलेला. विरारच्या त्या नवऱ्याने पाहिलेला तांब्या त्या गोळीचा होता की पाळीआधीच्या आठवड्याचा, हे आज सांगता येणार नाही. पण ज्यांना दर महिन्याला त्रास आहे त्यांनी ही गोळी डॉक्टरला विचारल्याशिवाय घेऊ नये. देवाला काही अडत नाही, असं म्हणायचा मोह होतो; पण ज्या घरात राहायचं तिथे ते म्हणणं सोपं नसतं, हेही मला ठाऊक आहे.

राहिला प्रश्न यंत्रणेचा. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६पासून देशात आहे, आणि खेड्यातल्या रुग्णाची मानसोपचारतज्ज्ञाशी गाठ पडते ती बहुधा महिन्यातून एका ठरलेल्या वारी. गोळ्याही महिन्याच्याच मिळतात. आता गंमत बघा: दर चौथ्या आठवड्याला त्याच वारी जाणाऱ्या आणि अठ्ठावीस दिवसांची पाळी असणाऱ्या बाईला डॉक्टर प्रत्येक वेळी फेऱ्याच्या त्याच दिवशी बघतो. ती नेमकी वाईट आठवड्यात येत असेल तर सहा महिने त्याला ती बिघडलेलीच दिसणार आणि डोस चढत जाणार. चांगल्या आठवड्यात येत असेल तर घरचेच खोटारडे ठरणार. म्हणून अशा बाईची दुसरी भेट पंधरा दिवसांनी ठेवावी. गोव्यातलं बांबोळीचं इस्पितळ किंवा कोल्हापूर गाठणाऱ्यांना हे जड जाईल. मार्च २०२३पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, पण दिवसाची मजुरी बुडते ती पूर्ण. तिथे नोंदीच्या पानाचा फोटो आशाताईच्या फोनवरून पाठवला तर तो चालायला हवा, आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर बोलणाऱ्या समुपदेशकानेही, मरावंसं वाटतं असं सांगणाऱ्या बाईला आधी धीर देऊन, मग हे दर महिन्याला होतं का, एवढं विचारायला हवं. त्यासाठी नवा कायदा नको, नवा निधी नको. जिल्हा शल्यचिकित्सकांच्या सहीचं एक परिपत्रक पुरे.